बीजगणिताचा उंबरठा आणि संगणक

शिक्षणाची दारे सर्वांना उघडी झाली, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की दारांच्या आतही दारे असतात याचा विसर पडतो. तालुक्याच्या गावी कॉलेज आले, वसतिगृह आले, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला संगणक आला. पाड्यावरचा मुलगा आणि मुलगी प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन बसली. पण त्या वर्गाच्या आत आणखी एक उंबरठा आहे आणि तो बीजगणिताचा आहे. विज्ञान शाखा, वाणिज्य शाखेतले गणित, संख्याशास्त्र, संगणकाचा कोणताही गंभीर अभ्यासक्रम या सगळ्यांच्या वाटा त्या उंबरठ्यावरून जातात. तो ओलांडता आला नाही की विद्यार्थी कॉलेजात असूनही कॉलेजाबाहेर असतो.

हा लेख त्या उंबरठ्याविषयी आहे. गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर संगणक हा उपाय म्हणून पुढे येतो आहे. पडद्यावर उदाहरण येते, विद्यार्थी उत्तर देतो, यंत्र चूक की बरोबर ते सांगते आणि पुढचे उदाहरण देते. काही जण या यंत्राकडे तारणहार म्हणून पाहतात, काही जण शिक्षकाच्या पोटावर पाय म्हणून. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. ही यंत्रे काय करतात, कोणत्या अटींवर करतात आणि आपल्या विद्यार्थ्याच्या हाती त्यातून काय पडते, हे कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घेतले पाहिजे.

‘कच्चा’ कोण आणि कोणाच्या मते?

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातले सातपुड्यातले गाव. महाराष्ट्राला ते होळीमुळे माहीत आहे. दरवर्षी वर्तमानपत्रांतून तिथल्या राजवाडी होळीची छायाचित्रे येतात. त्या होळीत नाचणारी पोरे दहावीच्या गणितात कुठे अडतात, हा प्रश्न मात्र छायाचित्राबरोबर छापला जात नाही. नंदुरबार जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सर्वात कमी. जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बाकीचे सांगायची गरज उरत नाही.

पण अडचण एकट्या नंदुरबारची नाही. ‘असर’ या सर्वेक्षणाने २०२३ मध्ये ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयाची मुले तपासली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे त्यांपैकी ४३.३ टक्के मुलांनाच जमले. म्हणजे भागाकार न येणारा विद्यार्थी हा अपवाद नसून बहुसंख्य आहे. त्याला कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात समीकरणे सोडवायला सांगितली जातात.

अशा विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे ‘उपचारात्मक अध्यापन’ असा शब्द आहे. अकराव्या आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या उपचारात्मक वर्गांसाठी पैसेही दिले. हेतू चांगला होता. पण ‘उपचार’ म्हटले की आजारी कोण हे आधीच ठरून जाते. रोग विद्यार्थ्याच्या डोक्यात, औषध शिक्षकाच्या हातात! एका शिक्षकावर चार इयत्ता चालवणारी शाळा, वर्षाच्या मध्येच ऊसतोडीला गुजरातेत जावे लागणारे घर, घरात बोलली जाणारी आणि वर्गात कधीही न उच्चारलेली भाषा, हे सारे त्या शब्दातून नाहीसे होते.

शिवाय हे विद्यार्थी हिशेबात कच्चे असतात हेही खरे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी बोलताना ती मुले सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर करीत. तेच हिशेब कागदावर नुसत्या अंकांत दिले तर सुमारे ३७ टक्केच बरोबर येत. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीतील बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयी असेच संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात आले. बाजारातला गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत अडली. उलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुले पुस्तकी उदाहरणे करू शकली, पण बाजारातल्या हिशेबात गोंधळली. मोलगीच्या बाजारात आमचूर विकणारी आमची विद्यार्थिनी आणि कॉलेजात क्ष पाहून गप्प बसणारी विद्यार्थिनी एकच असते. गणित तिच्याजवळ आहे. त्या गणितापासून पाटीवरच्या गणितापर्यंत पूल कोणी बांधला नाही, एवढेच.

ऋण हा शब्द आपल्या ओळखीचा आहे

बीजगणित ही परदेशातून आलेली किंवा आकाशातून पडलेली विद्या नव्हे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम सांगितले. धन म्हणजे जवळ असलेले, ऋण म्हणजे देणे. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्याने ‘बीजगणित’ हा ग्रंथ लिहिला. त्यात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे आहेत. म्हणजे एका अज्ञाताला ‘जेवढे असेल तेवढे’ आणि पुढच्यांना रंगांची नावे. आज आपण क्ष, य म्हणतो, त्याने रंग वापरले. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्याचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यावर आहे. पाटण आपल्याच खानदेशात आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात बीजगणिताचे विद्यापीठ होते, असा अभिमान आपल्याला शिकवला जातो. त्या मठाच्या ओसरीवर कोण बसू शकत होते आणि कोण नाही, हे मात्र शिकवले जात नाही. सातपुड्यातल्या माणसाच्या वाट्याला त्या काळी बीजगणितातले ऋण आले नाही, व्यवहारातले ऋण तेवढे आले.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात बहुजनांच्या शाळेत मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब शिकवला जावा अशी मागणी होती. ज्याला हिशेब येत नाही त्याचा हिशेब दुसरा ठेवतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. बीजगणित म्हणजे हिशेबाचीच पुढची पायरी. संख्या माहीत नसतानाही तिच्याविषयी नेमके बोलता येणे, म्हणजे बीजगणित.

या पायरीवर भाषा आडवी येते. ‘चल’ म्हटले की विद्यार्थ्याला ‘चल, निघू’ आठवते. ‘पद’ म्हणजे नोकरीतली जागा, ‘अवयव’ म्हणजे हातपाय, ‘मूळ’ म्हणजे झाडाचे. प्रमाण मराठी बोलणाऱ्यालाही हे शब्द नव्याने शिकावे लागतात. घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला ते दोनदा शिकावे लागतात, आणि कॉलेजात विज्ञान शाखा घेतली तर इंग्रजीतून तिसऱ्यांदा. नर्मदा खोऱ्यातील जीवनशाळांनी १९९० च्या दशकात मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली, ती या अनुभवातूनच. संगणकावरचा बहुतेक माल इंग्रजीत आहे. म्हणून यंत्राची चर्चा करताना भाषेचा प्रश्न पहिला ठेवला पाहिजे.

यंत्र काय करते?

संगणकाने शिकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ नावाची यंत्रणा सुरू झाली. त्यानंतर आलेल्या आज्ञावलींचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार सरावाचा. उदाहरण, उत्तर, बरोबर की चूक. यात यंत्र न कंटाळणाऱ्या पंतोजीसारखे असते, त्याहून अधिक काही नाही.

दुसरा प्रकार विद्यार्थी नेमका कुठे उभा आहे ते शोधतो. कॅलिफोर्नियात विकसित झालेली ‘अलेक्स’ ही आज्ञावली याचे उदाहरण. तिच्यामागची कल्पना सोपी आहे. अपूर्णांक आल्याशिवाय गुणोत्तर येत नाही, ऋण संख्या आल्याशिवाय समीकरण येत नाही. कशाआधी काय यायला हवे याचा नकाशा यंत्रात असतो. वीस-तीस प्रश्नांच्या उत्तरांवरून ते विद्यार्थ्याची जागा ठरवते आणि तिथून पुढची एकच पायरी दाखवते. साठ मुलांच्या वर्गात साठ वेगवेगळ्या जागा शोधणे कोणाही शिक्षकाला अवघड आहे. इथे यंत्राची मदत खरी आहे.

तिसरा प्रकार सर्वात महत्त्वाचा. तो उत्तराऐवजी पायरी पाहतो. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुका तपासल्या. या चुका बहुधा निष्काळजीपणाच्या नसतात, असे त्यांना आढळले. मूल एक चुकीचा नियम पाळत असते आणि तो अगदी प्रामाणिकपणे पाळत असते. बीजगणितातही तसेच. २क्ष + ३ याचे उत्तर ५क्ष लिहिणारा विद्यार्थी मूर्ख नसतो. बेरीज केली की एकच संख्या उरते, असे त्याला सात वर्षे शिकवलेले असते. −(क्ष − ४) म्हणजे −क्ष − ४ लिहिणारी मुलगी ऋण चिन्ह फक्त शेजारच्या पदाला लावते. अशा चुकीच्या नियमांची यादी यंत्रात भरून ठेवली तर विद्यार्थ्याची प्रत्येक ओळ वाचून कोणता नियम कामाला आला ते यंत्र ओळखू शकते. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातून निघालेला ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ याच तत्त्वावर आहे. त्याची मोठी चाचणी अमेरिकेतील सात राज्यांतल्या १४७ शाळांत झाली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत दिसला. शंभरात पन्नासाव्या जागी असलेला विद्यार्थी अंदाजे अठ्ठावन्नाव्या जागी गेला. चमत्कार नाही, पण कमीही नाही. आणि शाळांना यंत्र वापरायला शिकण्यासाठीच एक वर्ष लागले, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्या देशातले पुरावेही आहेत. वडोदऱ्याच्या पालिका शाळांतील चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ संगणकावर मिळाले, दोघांत एक संगणक. त्यांचे गणित स्पष्टपणे सुधारले. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या आज्ञावलीची ६१९ विद्यार्थ्यांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सहावीत येणारा विद्यार्थी गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होता. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हींत लक्षणीय प्रगती झाली. तिथे रोजच्या दीड तासापैकी निम्मा वेळ यंत्रासमोर आणि निम्मा वेळ माणसासमोर लहान गटात जाई. ही विभागणी विसरता कामा नये.

यंत्र काय करू शकत नाही?

गुजरातमध्ये ग्यानशाळा या संस्थेच्या वर्गांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये मांडले गेले. शाळेनंतर जादा म्हणून संगणक दिला तेव्हा मुलांचे गणित सुधारले. तोच संगणक शिक्षकाच्या तासाच्या जागी बसवला तेव्हा ते बिघडले, आणि बरेच बिघडले. शिक्षकांची पदे रिकामी ठेवून संगणक खरेदी करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेपुढे हा निष्कर्ष ठेवला पाहिजे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. १९७३ मध्ये एर्लवॅंगर या संशोधकाने बेनी नावाच्या बारा वर्षांच्या अमेरिकन मुलाची हकिगत लिहिली. बेनी ज्या अभ्यासक्रमात होता त्यात प्रत्येकाने आपापल्या गतीने पुढे जायचे, उत्तर किल्लीशी ताडून पाहायचे. तो भराभर पुढे जात होता, हुशार गणला जात होता. पण त्याच्या मते २/१० म्हणजे १.२ आणि ५/१० म्हणजे १.५! गणित म्हणजे कोणीतरी ठरवलेले नियम, किल्लीशी जुळले की झाले, अशी त्याची समजूत झाली होती. बेनीचा कार्यक्रम कागदावरचा होता, पण आज पडद्यासमोर एकटा बसलेला प्रत्येक विद्यार्थी बेनी होऊ शकतो. आणि आपल्या समाजाला ‘कोणीतरी ठरवलेले नियम, कारण विचारू नका’ ही शिकवण काही नवी नाही. गणित हा एकच विषय असा आहे की ज्यात प्रत्येक नियमाला कारण मागता येते आणि गुरूची चूक शिष्याला सिद्ध करता येते. तोच विषय पोथीसारखा शिकवला गेला तर आपण दुप्पट हरलो.

तिसरा धोका नव्या बोलक्या यंत्रांचा. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर गणित सोडवून देणारा मित्र आला. तुर्कस्तानातील सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, हे यंत्र हाताशी असताना सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुले, कधीच यंत्र न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारा देणारे यंत्र दिले त्या गटात हे नुकसान जवळजवळ टळले. म्हणजे मदत कोणत्या प्रकारची आहे, यावर सारे अवलंबून आहे.

उचलीचे समीकरण

मग शिकवायचे कसे? मी घरातला पहिला पदवीधर. सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवताना मला दिसले आहे की महाग आज्ञावली नसतानाही बरेच करता येते. कॉलेजात जे दहा-वीस संगणक असतात त्यांवर ताळेबंद मांडणारी ‘लिबरऑफिस कॅल्क’ ही फुकट आज्ञावली चालते. आलेख काढणारी ‘जिओजेब्रा’ ही आज्ञावली शिकण्या-शिकवण्यासाठी फुकट मिळते आणि एकदा बसवली की इंटरनेटशिवायही चालते. डोंगरात नेटवर्क येते-जाते, म्हणून हे महत्त्वाचे.

आमच्या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जाण्याआधी मुकादम उचल देतो. समजा, एका कोयत्याने ५४,००० रुपये उचल घेतली. टनाला ३८० रुपये दर, आठवड्याला १० टन तोड, म्हणजे ३,८०० रुपये. त्यातून खर्चीचे ८०० वजा जाता आठवड्याला ३,००० रुपये उचलीत वळते होतात. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, विद्यार्थ्याने आपल्या घरचे घालावेत.

आता ताळेबंदाच्या एका स्तंभात आठवडे लिहायचे, दुसऱ्यात शिल्लक. शून्याव्या आठवड्याला शिल्लक −५४,०००. पहिल्या आठवड्यानंतर −५१,०००. दुसऱ्यानंतर −४८,०००. ऋण संख्या म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वीस ओळी हाताने भरल्यावर विद्यार्थी स्वतःच विचारतो, प्रत्येक वेळी लिहायचे कशाला? मग सूत्र येते. आठवडे क्ष मानले तर शिल्लक = ३,०००क्ष − ५४,०००. क्ष ही कुठली गूढ खूण नाही, जेवढे आठवडे असतील तेवढे. भास्कराचार्याचे यावत्तावत् म्हणजे हेच.

उचल कधी फिटेल? शिल्लक शून्य झाली की. ३,०००क्ष = ५४,०००, म्हणून क्ष = १८. आलेख काढला तर रेघ खालून सुरू होते आणि अठराव्या आठवड्याला आडवा अक्ष ओलांडते. आता मुकादमाने उचलीवर दीडपट वसूल करायचे ठरवले असेल तर? ५४,००० चे ८१,००० होतात. रेघ तेवढ्याच चढाची राहते, पण खाली सरकते. फेड सत्तावीस आठवड्यांवर जाते. हंगाम समजा बावीस आठवड्यांचा. पहिल्या हिशेबात कोयता १२,००० रुपये घेऊन घरी येतो. दुसऱ्यात १५,००० रुपयांचे देणे घेऊन येतो आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जातो. श्रम तेच, ऊस तोच, आठवडे तेच. बदलला तो फक्त समीकरणातला एक आकडा. वेठ कशी टिकते हे सांगायला भाषण लागते. इथे ते एका रेघेत दिसते.

याच ठिकाणी पायऱ्या तपासणारे यंत्र उपयोगी पडते, कारण आता विद्यार्थ्याला बरोबर उत्तर हवे असते. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा मंत्र पाठ करण्याऐवजी दोन्ही बाजूंना ५४,००० मिळवले म्हणून डावीकडचे गेले, हे कारण तो सांगू शकतो.

अशा वर्गासाठी काही गोष्टी अनुभवाने सुचवाव्याशा वाटतात. एका संगणकावर दोघांनी बसावे आणि आपसात आपल्या बोलीत बोलावे. शिक्षकाला ती बोली येत नसेल तर त्याने शिकावी. यंत्राने ‘चूक’ म्हटले की दोघांनी कारण वहीत लिहावे. यंत्राने ‘बरोबर’ म्हटले तरी कारण लिहावे. आठवड्यातला निम्मा वेळ पडदा बंद असावा. आणि यंत्राने विद्यार्थ्याची जी पायरी ठरवली, ती फळ्यावर किंवा हजेरीपटावर कधीही लिहू नये. माणसांना पायऱ्यांवर बसवण्याचा या देशाचा अनुभव पुरेसा जुना आहे.

हक्काचा प्रश्न

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळे नाव एका माणसाने दिले. बॉब मोझेस हे १९६० च्या दशकात मिसिसिपीमध्ये कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदवण्यासाठी मार खाणारे कार्यकर्ते. १९८२ मध्ये त्यांनी ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. मिसिसिपीत मतदानाचा हक्क जसा नागरिकत्वाचा प्रश्न होता, तसाच आजच्या अर्थव्यवस्थेत बीजगणित हा नागरिकत्वाचा प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी होती. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या देशातल्या कृष्णवर्णीयांच्या कवितेशी आणि मोर्चाशी आपण नाते जोडले. त्यांच्या गणिताच्या वर्गाशी मात्र आपला परिचय अजून व्हायचा आहे.

मोझेस मुलांना आधी रेल्वेने फिरवीत, मग त्या प्रवासाचे साध्या भाषेत वर्णन करायला लावीत, आणि मग त्यातून ऋण-धनाची रेषा काढीत. हे करायला संगणक लागला नाही. पण बीजगणित ही मागण्याची गोष्ट आहे, असे ते मुलांना आणि पालकांना सांगत. आपल्या चळवळीने शिष्यवृत्ती मागितली, वसतिगृह मागितले, राखीव जागा मागितल्या, आणि ते सारे योग्यच होते. आता त्या राखीव जागेवर बसलेल्या विद्यार्थ्याला वर्गात काय कळते, हेही मागणीपत्रकात आले पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात गणिताचे भरलेले पद, इंटरनेटशिवाय चालणारी संगणक खोली संध्याकाळपर्यंत उघडी, मराठीतून आणि बोलींतून तयार केलेली उदाहरणे, आणि यंत्राच्या तासाइतकाच माणसाचा तास, अशा या साध्या मागण्या आहेत.

जे शिक्षक आणि विद्यार्थी हे वाचत असतील त्यांनी आपापल्या गावच्या व्यवहारातले एक समीकरण मांडून पाहावे. सावकाराचे असेल, रेशनचे असेल, विजेच्या बिलाचे असेल. ते वर्गात न्यावे. अशी पन्नास उदाहरणे जमली तर कोणत्याही कंपनीकडून विकत न घेता येणारे पुस्तक तयार होईल आणि ते कोणत्याही संगणकावर चालेल.